उन्हाळ्यात नदी आटली की गळ कुठे टाकायचा? नाशिकच्या नवशिक्यांसाठी

मार्च सरला की नाशिक जिल्ह्यातल्या नद्यांचं पाणी खाली जायला लागतं आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत पात्राची खरी ठेवण उघडी पडते. पावसाळ्यात जिथून काठोकाठ गढूळ लोंढा जात होता, तिथे आता कातळाचे पट्टे, गोट्यांची बेटं, मधूनच घोटाभर पाण्याची एखादी धार आणि तिच्या पुढे हिरवा, संथ डोह. गळाने मासे धरायला शिकायचं असेल तर हे दिवस फार चांगले, कारण मासा कुठे असेल ते डोळ्यांनी शोधता येतं. पण माशांसाठी वर्षातले सगळ्यांत जड दिवसही हेच. दोन-तीन किलोमीटर नदीतले मासे चार-दोन डोहांत कोंडलेले असतात आणि पहिल्या पुरात वर चढून अंडी घालणारेही हेच असतात. म्हणून उन्हाळ्यात मासा शोधणं आणि हात आवरणं, दोन्ही एकदमच शिकायचं. खाली जे लिहिलंय ते या हिशेबाने.

आधी विचारा

नदी सगळ्यांची असली तरी मासेमारीचा हक्क सगळीकडे मोकळा नसतो. धरणांच्या जलाशयांत तो बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतो. संस्था पैसे घालून मत्स्यबोटुकली (माशांची बोटभर पिल्लं) सोडते, सभासदांची घरं त्यावर चालतात. त्यामुळे फुगवट्याच्या काठावर काठी घेऊन परस्पर बसू नका. आधी तिथल्या कोळी-भोई मंडळींना भेटा, संस्थेचं माणूस कोण ते विचारा, ते म्हणतील तसं करा. नदीच्या पात्रातही गावच्या लोकांना विचारून बसलेलं बरं. "दादा, इथं गळ टाकला तर चालेल का?" एवढ्या एका प्रश्नातून परवानगी तर मिळतेच, वर डोह किती खोल आहे, कुठे गाळ आहे, काल कोणाला काय लागलं, हेही कळतं.

काही जागा मात्र विचारायच्याही नाहीत. नांदूर मध्यमेश्वर हे १९८६ पासून अभयारण्य आहे आणि २०२० मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला, राज्यात पहिला. तिथे दुर्बीण घेऊन जा, गळ घरी ठेवा. धरणाची भिंत, सांडवा आणि पाणी उपशाच्या विहिरींचा परिसर बंद. देवळाली भागात लष्करी हद्दीची पाटी दिसली की मागे फिरायचं. रामकुंड, गांधी तलाव आणि घाटांच्या पायऱ्यांवर लोक माशांना खाऊ घालतात. तिथे गळ टाकणं शोभत नाही. काही गावांत देवळाखालच्या डोहातले मासे देवाचे मानतात, त्यांना कोणी हात लावत नाही. असे डोह राखले गेले म्हणून आजूबाजूच्या नदीत मासा टिकून आहे, तेव्हा तिथला नियम मनापासून पाळा.

सुरुंग किंवा विष टाकून मासे मारायला आपल्या देशात १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्यापासून बंदी आहे. तरीही उन्हाळ्यात आटत्या डोहात ब्लिचिंग पावडर टाकणारे, मोटारीच्या वायरने पाण्यात करंट सोडणारे भेटतात. एका दुपारी अख्ख्या डोहाचं बी जातं, आणि करंटने माणसंही मेली आहेत. पाण्यावर एकाएकी खूप छोटे मासे पांढरं पोट वर करून तरंगताना दिसले तर पाण्यात पाय घालू नका, ते मासे उचलू नका. पोलीस पाटलांना किंवा मत्स्यव्यवसाय विभागाला कळवा.

कुठली नदी निवडायची

नवशिक्याने मोठ्या जलाशयापेक्षा लहान नदी धरावी. भगूर-शेवगेदारणा पट्ट्यातली दारणा, दिंडोरीकडची कादवा, कळवणपासून ठेंगोड्यापर्यंतची गिरणा. या नद्यांवर जागोजागी कोल्हापुरी बंधारे आहेत. सगळे त्यांना नुसतं 'केटी' म्हणतात. फळ्या टाकलेल्या असतील तर केटीच्या वरच्या अंगाला उन्हाळ्यातही बऱ्यापैकी पाणी राहतं.

नाशिक शहराच्या खालची गोदावरी मी नवशिक्याला सुचवणार नाही. शहराचं सांडपाणी, नासर्डी आणि वाघाडीचं पाणी तिच्यात येतं, उन्हाळ्यात ते पातळ करायला वरून प्रवाह नसतो आणि पाणवेलींनी पात्र झाकलेलं असतं. तिथे मासा लागतो, भरपूर लागतो, पण तो घरी नेऊन मुलांच्या ताटात वाढावा असं मला वाटत नाही. खायचा मासा शहराच्या आणि कारखान्यांच्या वरच्या अंगाचाच घ्या. द्राक्षाच्या पट्ट्यात काठाला औषधाच्या रिकाम्या बाटल्या पडलेल्या किंवा फवारणीची टाकी धुतलेली दिसली तर तीही जागा सोडा.

पहिला दिवस बिनकाठीचा

पहिल्यांदा जाल तेव्हा गळ नेऊच नका. सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला, सूर्य पाठीशी ठेवून, काठाकाठाने अर्धा-एक किलोमीटर चाला. पाणी नितळ असतं, तळ दिसतो. वहीत साधा नकाशा काढा: धार कुठे पडते, डोह कुठे सुरू होतो, कपारी कुठल्या बाजूला, झाडाची सावली किती वाजता कुठे. महिनाभर हा कागद कामाला येईल.

मासा बहुतेक चार जागी सापडतो. एक, धार जिथे डोहात पडते तिथे. पाणी खळाळत येतं तेव्हा हवा मिसळते, आणि वाहून येणारा किडा-मकोडाही तिथेच पडतो. दोन, कातळाच्या कपारी आणि मोठ्या धोंड्यांचा पोटभाग. वाम तर दिवसभर तिथेच दडून असते. तीन, काठावरच्या करंज-उंबराची सावली. उंबराची फळं पाण्यात पडत असतील तर त्या झाडाखाली बसाच. चार, केटीच्या फळ्यांतून गळणाऱ्या पाण्याच्या खालचा खळगा. डोहाच्या मधोमध, भर उन्हात, उघड्या पाण्यात नवशिका हमखास गळ टाकतो आणि तास घालवतो.

आता जरा बारकाईने पाहण्याची गोष्ट. संथ पाण्यावर बुडबुडे येतात ते दोन तऱ्हेचे. एकाच जागी थांबून थांबून मोठाले बुडबुडे येत असतील तर तो गाळातला वायू आहे. तिथे पाला कुजतोय, मासा नाही. पण मोहरीएवढ्या बारीक बुडबुड्यांची माळ उठत असेल आणि ती माळ हळूहळू पुढे सरकत असेल, तर खाली मृगळ किंवा सिप्रिनस (कॉमन कार्प) गाळात तोंड घालून चरतोय. तिथलं पाणीही किंचित गढूळलेलं दिसतं. माळ ज्या दिशेला सरकते तिच्या हातभर पुढे आमिष पडलं पाहिजे, डोक्यावर नाही.

उथळ वाळूत ताटलीएवढे गोल, स्वच्छ केलेले खळगे दिसले तर ती चिलापीची घरटी. आणि डोहाच्या काठाला, पाणगवताच्या कडेला, अधूनमधून 'चुळूक' असा आवाज होऊन एक वलय उठत असेल तर ती मरळ. तिला पाण्याबाहेरची हवा घ्यावीच लागते, म्हणून ती ठरावीक वेळाने वर येते. बसून पाहत राहिलात तर पुढच्या वेळी ती कुठे वर येईल याचा अंदाज बांधता येतो.

वेळ: पहाट, आणि तीही धारेजवळ

पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. २० अंशाला एक लिटर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशाला साडेसात. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर वर, म्हणून इथे त्याहूनही थोडा कमीच. दुपारी मासा खोल सावलीत गप्प पडून राहतो, खात नाही. म्हणून मे महिन्यात फटफटायला लागल्यापासून साडेआठ-नऊपर्यंत, आणि संध्याकाळी साडेपाचनंतर दिवेलागणीपर्यंत, एवढाच खरा वेळ.

यात एक मेख आहे. शेवाळ आणि पाण्याखालच्या वनस्पती दिवसा पाण्याला प्राणवायू देतात, पण रात्रभर तो घेतात. त्यामुळे हिरव्यागार, बंद डोहात पहाटेच सगळ्यांत कमी प्राणवायू असतो. अशा डोहात पहाटे मासे पृष्ठभागाला तोंड लावून हवा ओढताना दिसतील. नवख्याला वाटतं, वा, किती मासे वर आलेत! ते गुदमरलेले आहेत, खायला आलेले नाहीत. तिथे गळ टाकू नका. पहाटे बसायचं तर वाहती धार पडणाऱ्या डोहावर. बंद डोहावर संध्याकाळ बरी.

आवर्तन: हे वाचल्याशिवाय पाण्यात पाय घालू नका

नाशिकच्या नद्या उन्हाळ्यात आभाळात ढग नसताना वाढतात. गोदावरीचे डावा आणि उजवा कालवा नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यापासून सुरू होतात, आणि तिथपर्यंतचं पाणी दारणा-गंगापूरकडून सोडतात ते नदीच्या पात्रातूनच जातं. कादवेतून करंजवणचं पाणी पालखेडला येतं. चणकापूरचं पाणी गिरणेतून खाली मालेगावकडे जातं. याला आवर्तन म्हणतात, शेतकरी 'रोटेशन सुटलं' म्हणतात. सकाळी ज्या गोट्यांवरून चप्पल न भिजवता पलीकडे गेलात, तिथे दुपारी कमरेएवढं पाणी असू शकतं, आणि तुम्ही पलीकडे अडकलेले.

निघण्याआधी पेपरात आवर्तनाची बातमी पाहा, त्या गावातल्या ओळखीच्या शेतकऱ्याला किंवा पाटकऱ्याला (कालव्याचं पाणी सोडणाऱ्या माणसाला) फोन करा. काठावर पोहोचल्यावर पाण्याच्या अगदी कडेला एक काडी रोवा आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी तिच्याकडे नजर टाका. काडी पाण्यात गेली की सामान उचलायचं. याशिवाय आणखी खुणा आहेत: नितळ पाणी गढूळ व्हायला लागतं, वरून वाळका पाला आणि फेसाची रेघ वाहत येते, धारेचा आवाज जाड होतो. यातलं काहीही झालं तर आधी आपल्या घराच्या बाजूच्या काठाला या, मग विचार करा. नदीच्या मधल्या बेटावर किंवा कातळावर बसून गळ टाकायचा मोह नवशिक्याने करूच नये.

काठावर सुरक्षित उंचीवर असाल तर वाढत्या पाण्याचा पहिला तास-दीड तास मासेमारीला उत्तम असतो. नव्या थंड पाण्याने मासा जागा होतो आणि काठ चाचपत खायला निघतो. आवर्तन बंद झाल्यावर मात्र उलटं होतं. पाणी भराभर उतरतं आणि काठच्या डबक्यांत बोटभर पिल्लं अडकून पडतात. डबकं उन्हाने तापायच्या आत बादलीने ती पिल्लं डोहात सोडून द्या. दहा मिनिटांचं काम आहे, आणि लहान मुलं सोबत असतील तर त्यांना ते फार आवडतं.

बाकीचे धोके थोडक्यात. वाळू उपशाचे खड्डे वरून दिसत नाहीत. गुडघाभर पाण्यातून एक पाऊल पुढे आणि डोक्यावर पाणी. अनोळखी डोहात पोहायला उतरायचं नाही, अडकलेला गळ सोडवायलाही नाही. तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) तोडा, पाच रुपयांचा गळ गेला तर जाऊ द्या. दारणाकाठ आणि निफाडकडच्या गोदाकाठच्या उसात बिबट्याचा वावर आहे. पहाटे आणि तिन्हीसांजेला एकटं जाऊ नका, उसाला पाठ लावून बसू नका, लहान मुलाला काठावर एकटं सोडू नका. टोपी, पाण्याची मोठी बाटली आणि चांगली पकड असलेले बूट. शेवाळलेल्या कातळावर रबरी स्लिपर घातली की पडायला होतंच.

सामान

पहिल्या हंगामाला रीळ नको. दहा-बारा फुटांची, टोकाला निमुळती, सरळ वाळलेली बांबूची काठी पुरे. दुकानातली घडीची फायबरची काठी मिळाली तर हलकी पडते, एवढाच फरक. काठीच्या लांबीएवढीच, फार तर हातभर जास्त, तंगूस बांधा. उन्हाळ्यातल्या नितळ पाण्यात जाड तंगूस माशाला दिसतो, म्हणून पाव मिलिमीटरच्या आसपासचा घ्या. सिप्रिनससाठी थोडा जाड. गळ लहान घ्या. आठ ते दहा नंबरचा चिलापीला, चार ते सहा नंबरचा मोठ्या माशाला. नंबर वाढतो तसा गळ लहान होतो, दुकानात घोळ करू नका. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा. मासा निसटेल ही भीती दोरी ताणलेली ठेवली की राहत नाही, आणि सोडायचा मासा जखमेशिवाय सुटतो. तुमच्या बोटात घुसला तर तोही सुटतो.

गाठ नीट शिका, कारण मासा जातो तो बहुतेक गाठीपाशी. तंगूस गळाच्या डोळ्यातून ओवा, चार बोटं शेपटी बाहेर काढा. ती शेपटी मूळ दोरीभोवती पाच-सहा वेढे द्या. मग टोक परत आणून डोळ्याजवळच्या पहिल्या फटीतून घाला आणि त्यामुळे जो नवा फास तयार होतो त्यातूनही काढा. आता थुंकीने ओली करा आणि हळूहळू ओढा. कोरडी ओढली तर घर्षणाने तंगूस तिथेच जळतो आणि पुढे तुटतो. वेढे एकावर एक न चढता ओळीने बसले पाहिजेत. घरी वीसदा बांधून पाहा.

तरंगायला विकतचा तरंगा आणा किंवा ज्वारीच्या धांड्याचा बोटभर तुकडा सोलून बांधा. धांडा हलका असतो, माशाला जोर लागत नाही. गळाच्या वर वीतभरावर शिशाचा एक छोटा मणी दाबा. शिसं एवढंच हवं की धांडा उभा राहील आणि त्याचं नखभर टोक पाण्यावर दिसेल.

याशिवाय एक हातजाळी, लांब नाकाची पक्कड, ओलं गोणपाट आणि बर्फ घातलेला थर्माकोलचा डबा. उन्हाळ्यात बर्फाशिवाय मासा न्यायचा विचार करू नका. मे महिन्याच्या उन्हात तो दोन-तीन तासांत बिघडतो.

आमिष

गांडुळाला जवळपास प्रत्येक मासा येतो. पण उन्हाळ्यात जमीन वाळली की गांडूळ खोल जातं. न्हाणीच्या पाटाजवळ, केळीच्या बुडाशी, गोठ्यामागच्या ओल्या शेणखतात, ठिबकची नळी जिथे गळते तिथे सापडेल. डब्यात ओली माती आणि वर ओलं गोणपाट ठेवलं तर दोन दिवस टिकतं. चिलापीला अख्खं गांडूळ लावू नका. ती टोकाने कुरतडून नेते. बोटाच्या पेराएवढा तुकडा, गळाचं टोक झाकेल असा.

सिप्रिनस, रोहू, मृगळ यांना पिठाचा गोळा. दोन मुठी कणिक, एक मूठ शेंगदाण्याची पेंड भाजून कुटलेली, थोडा गूळ, चिमूटभर हळद. पाणी बेताने घालून चपातीपेक्षा घट्ट मळा आणि फडक्यात गुंडाळून अर्धा तास ठेवा. बोराएवढा गोळा गळावर बसवून भांड्यातल्या पाण्यात धरून पाहा. पाच मिनिटं टिकला पाहिजे. आधीच विरघळला तर थोडी कणिक वाढवा, दहा मिनिटांनीही दगडासारखा राहिला तर पाण्याचा हात लावून परत मळा. बसायच्या जागी आधी पेंडेचे दोन-तीन लहान गोळे टाकून ठेवतात. तेही बेतानेच, आटलेल्या डोहात जास्त पेंड कुजली की पाणी नासतं.

मरळीसाठी जिवंत बेडूक लावायची जुनी रीत आहे, ती मला पटत नाही. रबरी बेडूक बाजारात मिळतो, चांगला चालतो.

बसायचं कसं, ओढायचं कधी

नितळ पाण्यात मासा तुम्हाला तुमच्या आधी पाहतो. काठावर उभं राहू नका, खाली बसा, सावली पाण्यावर पडू देऊ नका. पांढरा शर्ट नको. पाय आपटला तरी जमिनीतून माशाला कळतं. बोललात तर एवढं बिघडत नाही. गळ फेकून मारायचा नसतो. काठी पुढे करून आमिष जवळजवळ आवाज न होता पाण्यात सोडायचं.

आता धांड्याकडे पाहत राहा, प्रत्येक मासा त्याला वेगळा हलवतो. चिलापी टुकटुक करते. धांडा थरथरतो, नाचतो, वलयं उठतात. या थरथरीवर ओढू नका. तो एका अंगाला सरकत निघाला की मनगटाने हलका झटका. मृगळ आणि सिप्रिनस तळातून आमिष उचलतात, तेव्हा धांडा आधी वर येतो, कधी आडवा पडतो, आणि मग शांतपणे तिरका खाली जातो. तो खाली जाताना ओढायचं. वाम लागली तर धांडा एकदम गडप होतो आणि दोरी कपारीकडे ओढली जाते. तिथे एक क्षणही दिरंगाई नको, नाहीतर ती शेपटीने दगडाला धरून बसते आणि मग तंगूसच तुटतो. शिंगटीचा झटका जोरदार असतो, पण तिला हातात घेताना जपा. पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंच्या परांचे काटे हातात घुसले की तासन्‌तास ठणका लागतो. फडक्याने, काट्यांच्या मागून धरा.

झटका म्हणजे खांद्यापासून हिसका नाही. मनगट वीतभर वर, बस्स. मग काठी उंच, दोरी ताणलेली, आणि मासा ज्या दिशेला पळेल तिच्या उलट बाजूला काठी कलती. काठीचं वाकणंच माशाला दमवतं. पण उन्हाळ्यात त्याला फार दमवू नका. गरम पाण्यात थकलेला मासा सोडल्यावरही मरतो. हातजाळी आधीच पाण्यात धरा आणि मासा तिच्यावर ओढून घ्या. जाळी घेऊन माशामागे धावू नका.

काय ठेवायचं, काय सोडायचं

इथे माझं मत ठाम आहे. चिलापी बाहेरून आणलेला मासा आहे, झपाट्याने वाढतो आणि देशी माशांची जागा खातो. ती पोटाला लागेल तेवढी खुशाल घ्या. सिप्रिनसही परदेशी, तोही घ्या. थाई मांगूर लागला तर परत पाण्यात टाकूच नका. त्याच्या पालनावर देशात बंदी आहे, तो बाकीचे मासे खाऊन टाकतो.

देशी मासा मात्र उन्हाळ्यात सोडावा. विशेषतः पोट फुगलेली, अंड्यावर आलेली मादी, आणि मरळीची जोडी. पाऊस सुरू झाला की मरळ पिल्लांच्या लालसर थव्याखाली राखण करत फिरते. तेव्हा तिला धरलं तर तासाभरात पिल्लं दुसऱ्या माशांच्या पोटात जातात. दारणेत, देवळालीच्या परिसरात, बोटाएवढा एक मासा आहे जो शास्त्रज्ञांनी १९३८ मध्ये इथूनच नोंदवला आणि इंग्रजीत देवळालीच्याच नावाने ओळखला जातो. आज तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. खडकाळ, वाहत्या पाण्यात राहणारे असे बारीक मासे नवख्या डोळ्याला सगळे सारखेच दिसतात. म्हणून साधा नियम: धारेतला बोटभर मासा धरायचा नाही, आमिषालाही नाही.

सोडताना हात ओले करा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी लागते. गळ पाण्यातच, पक्कडीने, आला त्याच वाटेने मागे काढा. खोल गिळला असेल तर दोरी तोंडाजवळ कापा. मग मासा धारेकडे तोंड करून पाण्यात आधाराने धरा. कल्ले हलायला लागले, शेपटीने ढकललं की आपणहून जाईल. पाणी अंघोळीच्या पाण्याइतकं कोमट लागायला लागलं, की त्या दिवशीचं सोडायच्या माशांचं काम बंद.

ठेवायचा मासा दोरीत ओवून पाण्यात तडफडत ठेवू नका. डोक्यावर एक नेमका फटका, कल्ले आणि आतडी काढा, धुवा आणि बर्फात. चिलापीच्या पोटातली काळी पातळ साल खरवडून काढली तर मातकट वास राहत नाही. घरी आल्यावर मीठ, हळद, लिंबू लावून अर्धा तास, मग काळ्या मसाल्याचं पातळ कालवण आणि बाजरीची भाकरी. लहान चिलाप्या तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर कडक कराव्यात.

निघताना तुटलेला तंगूस शोधून शोधून गोळा करा. झाडावर, गवतात अडकलेलाही. खंड्या आणि बगळे त्यात पाय अडकून मरतात.

थांबायचं कधी

जूनमध्ये त्र्यंबक-इगतपुरीकडे पहिला दणकून पाऊस झाला आणि नदीला लाल पाणी आलं की गळ बंद. या पाण्यावर मासा प्रवाहाविरुद्ध वर चढतो. हे चढणीचे मासे अंड्यांनी भरलेले असतात, ओढ्यात, शेताच्या चरात हातानेही सापडतात, आणि गावोगाव त्यांच्यावर झुंबड उडते. त्यात सामील होऊ नका. पाऊस ओसरून पाणी निवळलं, नवरात्र सरलं, की पुन्हा यायचं. तोवर गळांना तेलाचा हात फिरवून डबीत ठेवा, उन्हात राहिलेला तंगूस काढून टाका, आणि बांबूची काठी भिंतीला उभी न टेकवता आढ्याला आडवी बांधा. उभी ठेवली तर पावसाळाभरात वाकते.